पेशीच्या पडद्यातली प्रथिनं: भोवतीच्या चरबीसकट बघायची की धुऊन?

कातरवेळ

कामानिमित्त सध्या एकाच विषयावरचे शोधनिबंध वाचतेय आणि एक मत पक्कं होत चाललंय. इथे डॉक्टर, औषध कंपन्यांतले, प्रयोगशाळेतले असे बरेच आयडी आहेत, म्हणून धागा काढतेय. भांडायला या.

ज्यांचा हा विषय नाही त्यांच्यासाठी थोडंसं: पेशीचा पडदा म्हणजे लिपिडांचा, म्हणजे मेदाच्या रेणूंचा, दुहेरी थर. त्यात प्रथिनं रुतलेली असतात. कुणी आयन आतबाहेर सोडतं (वाहिनी), कुणी बाहेरचा निरोप आत पोचवतं (रिसेप्टर), कुणी पंप चालवतं. आपल्या जनुकांपैकी साधारण पाव हिस्सा अशी प्रथिनं बनवण्याच्या कामी असतो आणि बाजारातल्या निम्म्याहून जास्त औषधांचा नेम यांच्यावरच असतो. पण यांची रचना बघायची तर वर्षानुवर्षं एकच रस्ता होता: डिटर्जंट, म्हणजे साबणासारखं रसायन, घालायचं, पडदा विरघळवायचा, प्रथिन बाहेर काढून स्वच्छ करायचं आणि मग त्याचे स्फटिक करायचे किंवा ते गोठवून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली धरायचं (क्रायो-ईएम). म्हणजे लोणच्यातली फोड नळाखाली खळखळून धुवायची आणि मग जाहीर करायचं की कैरी अशी लागते.

उदाहरण सेरोटोनिन-१ए रिसेप्टरचं घ्या. हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेत अमिताभ चट्टोपाध्याय यांचा गट वर्षानुवर्षं सांगत होता की पडद्यातलं कोलेस्टेरॉल काढून घेतलं की हा रिसेप्टर सेरोटोनिनला नीट दाद देत नाही. कोलेस्टेरॉलच्या जागी त्याचा सख्खा भाऊ शोभेल असा ७-डीहायड्रोकोलेस्टेरॉल ठेवला तरी चालत नाही, फरक एका दुहेरी बंधाचा. पुढे २०२१ मध्ये ‘नेचर’मध्ये या रिसेप्टरची क्रायो-ईएम रचना आली. त्यात भोवती कोलेस्टेरॉलचे रेणू दिसले आणि औषध जिथे बसतं त्या खोबणीचा आकार ठरवण्यात कोलेस्टेरॉलचा हात असल्याचं दिसलं. अॅरिपिप्राझोलसारखं औषध तिथे नेमकं का बसतं याचा धागा तिथे सापडला. शिवाय रिसेप्टर आणि जी-प्रोटीन (निरोप पेशीत पुढे नेणारं प्रथिन) यांच्या सांध्यात आणखी एक लिपिड, पीआय-४-पी, चक्क बसलेलं.

माझं म्हणणं: रचना छापताना प्रथिनाच्या भोवती काय होतं ते निबंधाच्या शीर्षकातच लिहायची सक्ती करा. डिटर्जंटमधली रचना ही त्या प्रथिनाची नव्हे, ती प्रथिन आणि डिटर्जंट या जोडीची.

---

झणझणीत

लोणचं धुऊन खाणाऱ्यांचा जाहीर निषेध. बाकी काही कळलं नाही, पण वाचतोय.

---

तर्कट_नाना

कातरवेळताई, तुम्ही ज्या धुतलेल्या फोडीला नावं ठेवताय त्या फोडीवरच आमच्या पिढीचं पोट भरलं. १९८५ मध्ये प्रकाशसंश्लेषण करणाऱ्या जिवाणूच्या रिअॅक्शन सेंटरची रचना आली. डायझनहोफर, हुबर आणि मिखेल यांना १९८८ चं नोबेल मिळालं. डिटर्जंट! १९९८ मध्ये मॅकिनन यांनी केसीएसए ही पोटॅशियमची वाहिनी दाखवली आणि २००३ मध्ये त्यांनाही नोबेल मिळालं. डिटर्जंट! पोटॅशियम आत जातो पण त्याहून लहान असलेला सोडियम का अडतो, या कोड्याचं उत्तर त्या रचनेने दिलं आणि ते आजही टिकून आहे. आयन गाळणारा तो अरुंद भाग प्रथिनाच्या गाभ्यात आहे, भोवती चरबी आहे की साबण याचं त्याला फारसं सोयरसुतक नाही.

‘भोवतीचं लिपिड महत्त्वाचं’ हा शोधही आजचा नाही. सत्तरच्या दशकात स्नायूंतल्या कॅल्शियम पंपावर काम झालं. एका पंपाभोवती सुमारे तीस लिपिडांचं कडं शाबूत असेपर्यंत पंप चालतो, त्याखाली गेलात की बंद पडतो, हे तेव्हाच मोजलं होतं. आम्ही काही डोळे मिटून बसलो नव्हतो.

शीर्षकात सक्ती वगैरे म्हणजे हौस आहे. पद्धतीच्या भागात सगळं लिहिलेलं असतं. वाचावं.

---

कातरवेळ

नाना, केसीएसए तुम्हीच काढलात ते बरं झालं. मॅकिनन यांच्याच गटाने २००२ मध्ये दाखवलं की ऋणभाराचं लिपिड नसेल तर ही वाहिनी उघडतच नाही, आणि स्फटिकात तिच्या खाचेत एक लिपिड येऊन बसलेलं होतं. गाळणी समजली, मान्य. दार कोण उघडतं ते मात्र धुऊन कळलं नाही.

आणि ह्यूस्टनच्या डाउहान यांच्या गटाचं लॅकवाय वाचलंत का? ई. कोलाय जिवाणूतलं दुग्धशर्करा आत आणणारं प्रथिन. पडद्यातून फॉस्फॅटिडिलइथेनॉलअमाइन हे एकच लिपिड गायब केलं तर या प्रथिनाचा पुढचा अर्धा भाग पडद्यात उलटा बसतो. आतलं तोंड बाहेर! नंतर ते लिपिड परत बनू दिलं की तो भाग तयार प्रथिनातच पलटी मारून सुलट होतो. २००२ सालचं काम आहे. अमिनो आम्लांचा क्रम तोच, जनुक तेच, बदललं ते फक्त भोवतालचं. याला तुम्ही हौस म्हणणार?

---

तर्कट_नाना

लॅकवाय मान्य. पण एका उलट्या प्रथिनावरून सगळ्या गावाला उलटं टांगू नका.

---

मास्तर_कोकण

अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवतो. पुस्तकात सिंगर आणि निकोल्सन, १९७२, फ्लुइड मोझेक मॉडेल. चित्रात सगळी लिपिडं एकसारखी, गोल डोकं आणि दोन शेपट्या. वरच्या चर्चेवरून ती एकसारखी नसतात असं दिसतंय. मुलांना नेमकं काय सांगू? सोपं करून सांगा, दुरून नमस्कार घालणारी उत्तरं नकोत.

---

पेशीवाला

मास्तर, बिनधास्त सांगा की चित्र बरोबर आहे पण अर्धंच. एका पेशीत लिपिडांचे शेकडो प्रकार असतात, बारकाईने मोजले तर हजाराच्या वर. शिवाय दोन्ही थर सारखे नसतात. फॉस्फॅटिडिलसेरीन पेशीच्या आतल्या बाजूच्या थरात ठेवलेलं असतं आणि ते तिथेच राहावं म्हणून पेशी एटीपी, म्हणजे आपलं इंधन, जाळते. पेशी मरणपंथाला लागली की ते बाहेरच्या बाजूला येतं आणि सफाई करणाऱ्या पेशींना तीच खूण पुरते. मुलांना हे फार आवडतं, मी सांगून पाहिलंय.

दुहेरी थर कसा कळला तेही सांगा. १९२५ मध्ये गॉर्टर आणि ग्रेंडेल या डच जोडीने तांबड्या पेशींतली चरबी काढून पाण्यावर एकपदरी पसरली. तिने पेशींच्या पृष्ठभागाच्या दुप्पट जागा व्यापली. गंमत अशी की त्यांनी चरबी पुरती काढलीच नव्हती आणि पेशींचं क्षेत्रफळही कमी धरलं होतं. दोन चुकांनी एकमेकींना खाल्लं आणि उत्तर बरोबर आलं! परीक्षेत असं झालं तर मास्तर, पूर्ण गुण द्याल का?

---

मास्तर_कोकण

पायऱ्यांचे गुण कापणार. 😀 धन्यवाद.

---

भूलथापा

मी भूलतज्ज्ञ. हा वाद आमच्या घरचा आहे, सव्वाशे वर्षं चाललाय, त्यामुळे जरा लांबण लागेल.

१८९९ मध्ये मायर आणि १९०१ मध्ये ओव्हर्टन यांना दिसलं की भुलीचं औषध ऑलिव्ह तेलात जितकं जास्त विरघळतं तितकी त्याची थोडी मात्रा पुरते. क्लोरोफॉर्म, ईथर, सगळे एका रेषेत. मग सगळ्यांनी ठरवलं की भूल चढते ती मेंदूच्या पेशींच्या चरबीत. आमचे जुने प्राध्यापक हे इतक्या ठामपणे शिकवायचे की शंका विचारायची सोय नव्हती.

१९८४ मध्ये लंडनला फ्रँक्स आणि लीब यांनी काजव्यातलं ल्युसिफरेज घेतलं. चरबीचा थेंबही नाही, नुसतं विद्राव्य प्रथिन, आणि तरी भुलीच्या औषधांनी त्याचा उजेड मंदावला, तोही साधारण त्याच प्रमाणात. झालं, लंबक दुसरीकडे गेला. नंतर गाबा-ए या चेतापेशींना शांत करणाऱ्या रिसेप्टरमधलं एकच अमिनो आम्ल बदललेले उंदीर तयार केले, त्यांच्यावर प्रोपोफॉल आणि एटोमिडेटची मात्रा नीट चालेना. म्हणजे प्रथिनच, विषय संपला.

तर २०२० मध्ये हॅन्सन आणि लर्नर यांच्या गटाने पुन्हा चरबी पुढे आणली. त्यांचं म्हणणं असं: पडद्यावर कोलेस्टेरॉल आणि जीएम-१ लिपिडाचे बारीक पुंजके असतात, त्यांत पीएलडी-२ नावाचं एन्झाइम अडकून पडलेलं असतं. क्लोरोफॉर्म किंवा आयसोफ्लुरेन ते पुंजके विस्कटतं, एन्झाइम सुटतं, ट्रेक-१ या पोटॅशियम वाहिनीपाशी पोचतं आणि तिथे फॉस्फॅटिडिक आम्ल बनवतं. त्या लिपिडाने वाहिनी उघडते, चेतापेशी गप्प होते. सगळ्यांना पटलेलं नाही, मलाही पूर्ण पटलेलं नाही. उंदरांवरचा तो पुरावा बाजूला कसा सारणार? पण रोज सकाळी मी जे करतो ते नेमकं कुठे होतं, यावर अजून एकमत नाही हे पेशंटला सांगायची सोय नाही.

कातरवेळ, तुमच्या बाजूने एक मुद्दा देतो. २०१८ मध्ये माणसाच्या गाबा-ए रिसेप्टरची रचना डिटर्जंटमध्ये काढली, तर त्यात पाच घटकांपैकी गॅमा हा घटक मधल्या छिद्रात कलंडलेला दिसला. पुढच्याच वर्षी नॅनोडिस्कमध्ये, म्हणजे लिपिडांच्या छोट्या चकतीत, त्याच कुटुंबातल्या रचना आल्या तर पाचही घटक नीट गोलाकार उभे, वर अल्फा घटकाला पीआयपी-२ हे लिपिड चिकटलेलं. कलंडणं हे डिटर्जंटचं कर्तृत्व, असंच आता बहुतेक जण मानतात. औषध बसायच्या जागा याच भागात आहेत. त्या पहिल्या रचनेवर कुणी औषध बेतलं असतं तर?

---

झणझणीत

आयडी ‘भूलथापा’ आणि व्यवसाय भूल देणे. पेशंटला माहीत आहे का?

---

भूलथापा

पेशंट दहा आकडे मोजायच्या आत झोपतो, विचारायला वेळ मिळत नाही.

---

तर्कट_नाना

गाबा-ए चा मुद्दा बिनतोड आहे. दहापैकी एक गुण कातरवेळताईंना.

---

लवंगी_मिरची

मिरचीचा उल्लेख कुणी करेना म्हणून लॉगिन केलं.

तिखट लागतं ते ज्या वाहिनीमुळे, त्या टीआरपीव्ही-१ ची रचना २०१३ मध्ये चेंग आणि ज्यूलियस यांच्या गटांनी क्रायो-ईएमने काढली, ज्यूलियसना २०२१ चं नोबेल मिळालं, हे बऱ्याच जणांना ठाऊक असेल. त्यातली खरी मजा २०१६ मध्ये आली. तीच वाहिनी नॅनोडिस्कमध्ये घालून पाहिली तर मिरचीतलं कॅप्सेसिन ज्या कप्प्यात बसतं तिथे आधीच एक लिपिड मुक्काम ठोकून बसलेलं दिसलं, फॉस्फॅटिडिलइनॉसिटॉल. ते तिथे असतं तोवर वाहिनी बंद. कॅप्सेसिन येतं, त्याला हुसकावून जागा घेतं आणि मग तुमच्या नाकातून पाणी. म्हणजे ठेचा खाल्ल्यावर पहिल्या घासाला जे होतं ते आधी चरबीचा एक रेणू जागचा हलवल्याने होतं.

या चित्राने मी गार झाले. आजवर वाटायचं रिकाम्या खोबणीत औषध जाऊन बसतं. खोबणी रिकामी नव्हतीच.

(अवांतर: पक्ष्यांच्या टीआरपीव्ही-१ ला कॅप्सेसिन लागत नाही, म्हणून पोपट लवंगी मिरची शेंगदाण्यासारखी खातो.)

---

चिंगी७८

मला यातलं फार कळत नाही, पण कोलेस्टेरॉल आणि सेरोटोनिन वाचून पोटात गोळा आला. आईला हार्टचा त्रास झाल्यापासून स्टॅटिनची गोळी चालू आहे. हल्ली ती गप्प गप्प असते. कोलेस्टेरॉल कमी केल्यामुळे तो रिसेप्टर बिघडून असं होत असेल का? गोळी बंद करून बघावी का?

---

स्टेथोस्कोप

चिंगी७८, आधी ठळक अक्षरांत: गोळी स्वतःहून बंद करू नका. हृदयविकारानंतर स्टॅटिन अचानक थांबवणं धोक्याचं असतं.

आता तुमच्या शंकेबद्दल. चट्टोपाध्याय यांच्या गटाचं स्टॅटिनवरचं कामही आहे, २०१० चं. पेशी स्टॅटिनमध्ये बरेच दिवस ठेवल्यावर सेरोटोनिन-१ए चं काम मंदावलं. पण त्या प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशी होत्या. माणसाच्या मेंदूचा कारभार वेगळा आहे. शरीराच्या वजनाच्या दोन टक्के असलेला मेंदू शरीरातलं साधारण पाव ते पंचमांश कोलेस्टेरॉल बाळगतो आणि ते स्वतःच बनवतो, रक्तातलं आत घेत नाही. मोठ्या चाचण्यांमध्ये स्टॅटिनमुळे नैराश्य वाढल्याचं दिसलेलं नाही. उलट हृदयविकारानंतर नैराश्य येणं फार वारंवार दिसतं, आणि त्यावर इलाज आहे. आईंचं गप्प राहणं डॉक्टरांना सांगाच, पण त्याचं खापर गोळीवर फोडून मोकळ्या होऊ नका. थायरॉइडही एकदा तपासून घ्या.

---

चिंगी७८

खूप आभार डॉक्टर. सोमवारी घेऊन जाते.

---

ग्रोनिंगेनकर

मी सिम्युलेशनवाला, संगणकावर पडदे बनवतो. ज्या गावात बसून लिहितोय तिथलंच मार्टिनी हे फोर्स फील्ड (रेणू एकमेकांना कसे ओढतात-ढकलतात याचे नियम) आमचं रोजचं हत्यार. त्यात चारेक अणूंचा एक मणी धरतात, त्यामुळे प्रथिनाभोवती लिपिडं कशी गोळा होतात हे लांबवर बघता येतं. अणू-अणू मोजत बसलो तर लिपिडांची नीट अदलाबदल होईपर्यंत माझी फेलोशिप संपेल.

पुणेकरांनी कॉलर ताठ करावी: सेरोटोनिन-१ए वर कोलेस्टेरॉल कुठे कुठे रेंगाळतं याचा अंदाज २०१२ मध्ये पुण्याच्या एनसीएलच्या (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या) दुर्बा सेनगुप्ता यांनी चट्टोपाध्याय यांच्याबरोबर याच पद्धतीने मांडला होता. क्रायो-ईएमची रचना यायच्या नऊ वर्षं आधी. त्यात आम्हाला दिसतं ते असं की कोलेस्टेरॉल एका जागी खिळून बसत नाही, येतं, टेकतं, सरकतं. गोठवलेल्या नमुन्यात हे येणं-जाणं दिसत नाही, सरासरी दिसते.

आणि कुणीतरी म्हणायच्या आत: अल्फाफोल्डने, म्हणजे रचनेचा अंदाज बांधणाऱ्या कृत्रिम बुद्धिमत्तेने, हे सुटत नाही. ते प्रथिनाची घडी फार सुंदर सांगतं, पण भोवती पडदा आहे हे त्याच्या हिशेबात स्वतंत्रपणे नसतं. मग कधी कधी पाण्यात असायला हवा तो भाग पडद्याच्या मधोमध खुशाल लोंबकळताना दिसतो. २०२४ च्या तिसऱ्या आवृत्तीत छोटे रेणू जोडून बघता येतात, त्यात काही मेदाम्लंही आहेत, पण एखादं मेदाम्ल चिकटवणं वेगळं आणि खरा पडदा वेगळा.

---

सदाशिव_पेठ

पुण्याचं नाव निघालंच आहे तर आयसरचे थॉमस पुकाडिल यांचं कामही सांगतो. काचेवर लिपिडांच्या केसाहून कितीतरी बारीक नळ्या ओढायच्या, त्यावर डायनामिन हे प्रथिन सोडायचं आणि ते नळी आवळून तोडताना सूक्ष्मदर्शकाखाली प्रत्यक्ष बघायचं. पडद्यात पीआयपी-२ असेल तर डायनामिन तिथे नीट पकड घेतं. हे प्रथिन पडद्यात रुतलेलं नसतं, बाहेरून येऊन चिकटतं, त्यामुळे धाग्याच्या विषयाला किंचित सोडून आहे. पण पुणे आहे, चालवून घ्या.

---

झणझणीत

पुण्याचा उल्लेख ठीक अर्ध्या धाग्यात. या वेळी उशीर झाला.

---

बेंचवरची_बाई

सगळे गोड बोलताय, आता हाताने काम करणाऱ्यांचं ऐका.

नॅनोडिस्क म्हणजे काय? प्रथिन आधी डिटर्जंटमध्येच काढायचं, मग त्यात विकत आणलेली लिपिडं आणि पट्ट्यासारखं एक प्रथिन मिसळायचं, मग डिटर्जंट मण्यांनी शोषून घ्यायचं. जमलं तर साधारण दहा नॅनोमीटरची चकती, मध्ये तुमचं प्रथिन. इलिनॉयच्या स्लायगर यांची ही युक्ती, आणि छान आहे. पण मूळची लिपिडं गेलीच ना? तुम्ही घातलेली लिपिडंच तुम्हाला दिसणार. चकतीच्या मापाचाही परिणाम होतो. ईएलआयसी नावाच्या वाहिनीवर २०२४ मध्ये दाखवलंय की चकती लहान-मोठी केली, पट्टा बदलला की वाहिनीचा आकार बदलतो. म्हणजे साबण गेला आणि पट्ट्याची कटकट आली.

मग म्हणे एसएमए वापरा. स्टायरीन-मॅलेइक आम्लाचं पॉलिमर, पडद्यातून प्रथिन भोवतीच्या मूळ लिपिडांसकट कापून काढतं, डिटर्जंट नकोच. ऐकायला स्वर्ग. आता माझं प्रथिन एटीपीवर चालतं, त्याला मॅग्नेशियम हवं. मॅग्नेशियम घातल्याबरोबर पॉलिमर त्याला धरून बसतं, नळीतलं निवळ द्रावण डोळ्यांदेखत दुधाळ होतं आणि तळाला पांढरा साका. सगळा आठवडा त्या साक्यात. आम्ल-अल्कली थोडं इकडेतिकडे झालं तरी तेच. आता त्यावर उतारा म्हणून नवी पॉलिमरं आली आहेत, डीआयबीएमए वगैरे, पण ती माझ्या प्रथिनाला पडद्यातून नीट उचलत नाहीत. कोणत्या प्रथिनाला कोणतं पॉलिमर लागू पडतं याचा शेकड्यांनी प्रथिनं घेऊन आढावा येलच्या कल्लोल गुप्तांच्या गटाने घेतलाय, त्याने निदान अंदाजपंचे खर्च वाचेल.

आणि नाना, पद्धतीच्या भागात सगळं लिहिलेलं असतं म्हणता? ‘०.०२% डीडीएम, ०.००४% सीएचएस’ एवढं असतं. डीडीएम म्हणजे डिटर्जंट. सीएचएस म्हणजे कोलेस्टेरॉलचाच नातेवाईक, जीपीसीआरच्या (सेरोटोनिन-१ए ज्या कुटुंबातला त्या रिसेप्टरांच्या) बहुतेक कामांत स्थिरतेसाठी ओततात. मग तीन अँगस्ट्रॉम (मिलिमीटरचा कोटीवा भाग म्हणजे एक अँगस्ट्रॉम) बारकाईच्या क्रायो-ईएम नकाशात एक चपटा ढग दिसतो आणि त्यावर ‘कोलेस्टेरॉल’ असं नाव पडतं. तो पेशीतून आला की बाटलीतून, हे त्या ढगावरून सांगता येत नाही.

---

तर्कट_नाना

बाई, शेवटच्या परिच्छेदासाठी तुम्हाला साष्टांग. मी तीन दिवस हेच सांगायचा प्रयत्न करतोय आणि तुम्ही चार ओळींत सांगितलंत! तीन अँगस्ट्रॉमला शेपटी दिसते, डोकं धूसर. डोक्याशिवाय लिपिडाची ओळख पटणं कठीण. ‘लिपिड दिसलं’ असं म्हणणाऱ्या निम्म्या निबंधांत इच्छा दिसलेली असते.

वस्तुमान मोजून ओळखायचं म्हटलं तरी सावध असावं. ऑक्सफर्डच्या कॅरोल रॉबिन्सन यांनी हे शास्त्र उभं केलं. २०१४ मध्ये त्यांच्या गटाने लिपिडं एकेक करून प्रथिनाला चिकटताना मोजली, कोणतं लिपिड जोडलं की प्रथिन जास्त तग धरतं ते दाखवलं, आणि ते काम मी डोक्यावर घेतो. पण २०१८ मध्ये पडद्यातून थेट प्रथिनं उडवून मोजल्याचा त्यांचा निबंध आला, तेव्हा मायटोकॉन्ड्रियातल्या संकुलांची (एकत्र काम करणाऱ्या प्रथिनांच्या गटांची) त्यांनी केलेली ओळख केंब्रिजच्या हर्स्ट, कुंजी आणि वॉकर यांनी खोडून काढली. रॉबिन्सन गटाने उत्तरही दिलं. दोन्ही बाजू दिग्गज आहेत. म्हणून म्हणतो, जरा दमानं.

---

स्टेथोस्कोप

मायटोकॉन्ड्रिया आलं म्हणून. कार्डिओलिपिन नावाचं चार शेपट्यांचं लिपिड त्याच्या आतल्या पडद्यात असतं, श्वसनाची संकुलं त्याच्या जोरावर एकमेकांना धरून राहतात. ते नीट घडवणारं टॅफाझिन हे जनुक बिघडलं की बार्थ सिंड्रोम होतो. मुलग्यांत दिसतो, हृदयाचे स्नायू दुबळे, पांढऱ्या पेशी कमी. कुठल्याही संकुलाच्या प्रथिनात दोष नाही, दोष चरबीत, आणि मूल दम लागून बेजार. २०२५ मध्ये अमेरिकेत यावर एलामिप्रेटाइडला सशर्त मंजुरी मिळाली. हे औषध प्रथिनाला नव्हे, कार्डिओलिपिनला जाऊन चिकटतं. औषधाचं लक्ष्य म्हणजे प्रथिनच, असं आम्ही शिकलो होतो.

---

सदाशिव_पेठ

लक्ष्य चरबी म्हणाल तर २०२१ आठवा. काळ्या बुरशीच्या वेळी अख्खा महाराष्ट्र अँफोटेरिसिनच्या इंजेक्शनांमागे धावत होता. ते बुरशीच्या पडद्यातल्या एर्गोस्टेरॉलवरच जातं. आपल्या कोलेस्टेरॉलला मात्र थोडंच धरतं, तरी मूत्रपिंडाला त्रास होतोच, म्हणून लिपिडात गुंडाळलेलं महागडं इंजेक्शन हवं होतं.

---

लवंगी_मिरची

तो धावपळीचा काळ नको आठवायला. मामासाठी चार जिल्ह्यांत फोन केले होते.

---

पेशीवाला

मूळ प्रश्नाकडे येतो. कातरवेळ आणि नाना दोघंही ‘बाहेर कसं काढायचं’ यावर भांडताय. न काढता बघायचं हा पर्याय आता खराच आहे. २०२४ मध्ये टोरांटोच्या रुबिनस्टाइन यांच्या गटाने उंदराच्या कुळातल्या रॅटच्या मेंदूतून चेतापेशींच्या इवल्या पुटिका वेगळ्या केल्या आणि त्यांच्या पडद्यात बसलेला व्ही-एटीपेज पंप तसाच्या तसा उच्च विभेदनात पाहिला. डुकराच्या हृदयाच्या मायटोकॉन्ड्रियांत श्वसनाची महासंकुलंही त्याच वर्षी जागच्या जागी दिसली. आणि पिएझो-१ हे स्पर्श-ताण जाणणारं प्रथिन लिपिडांच्या फुग्यात ठेवून २०२२ मध्ये पाहिलं तेव्हा कळलं की ते पडद्याला वाकवतं आणि पडदा त्याला सपाट करतो. हे डिटर्जंटमध्ये दिसणं शक्यच नव्हतं, कारण वाकायला तिथे पडदा नाही.

---

बेंचवरची_बाई

पुटिकेत तो पंप भरपूर असतो आणि त्याचं डोकं भलंमोठं बाहेर असतं, म्हणून जमलं. माझं प्रथिन पडद्यात बुडालेलं आणि पेशीत मोजून चार. त्याला शोधेपर्यंत डोळे जातील. तरी पटलं, दिशा हीच.

---

ग्रोनिंगेनकर

+१. आणि काढलंच तर निदान ताण कसा द्यायचा याचे प्रयोग छान होतायत. २०२१ मध्ये एमएससीएस या ताणाने उघडणाऱ्या वाहिनीच्या नॅनोडिस्कमधून सायक्लोडेक्स्ट्रिनने लिपिडं उपसून काढली आणि पडदा ताणल्यावर काय होतं ते क्रायो-ईएमने टिपलं. चकतीत ताण देता येत नाही म्हणणाऱ्यांची तोंडं बंद झाली. मीही त्यात होतो, म्हणजे म्हणणाऱ्यांत.

---

कातरवेळ

बरंच पदरात पडलं. शीर्षकाची सक्ती हा नानांना चिडवायचा प्रकार होता असं म्हणणार नाही, पण बाईंचा मुद्दा ऐकल्यावर मला शीर्षकापेक्षा रचना जिथे जमा करतात त्या डेटाबँकेत सक्तीचा रकाना जास्त पटतोय. प्रत्येक रचनेपुढे तीन गोष्टी: काय वापरून काढलं, शेवटी कशात ठेवलं, आणि नकाशातलं प्रत्येक लिपिड कशावरून ओळखलं. तिसऱ्यात ‘आकारावरून’ असं लिहिलं तरी चालेल, पण लिहा. नाना, एवढं तरी?

---

तर्कट_नाना

तिसरा रकाना मंजूर. पहिल्या दोनांना माझी हरकत कधीच नव्हती, ती तुमच्या शीर्षकाला होती.

---

बेंचवरची_बाई

रकाना भरायला बसलं की कळेल. माझ्या फ्रीजमध्ये जी बाटली आहे तिच्यावर ‘मेंदूतला ध्रुवीय लिपिड अर्क, डुक्कर’ असं लिहिलंय. सोबतच्या कागदावर घटकांची टक्केवारी आहे आणि शेवटच्या ओळीत ‘इतर’, तेही चांगलं भरघोस. दुसऱ्या रकान्यात ‘इतर’ लिहू का?

---

कातरवेळ

लिहा. आणि पुढची बाटली आणाल तेव्हा जुनीतलं थोडं राखून ठेवा, दोन्ही खेपा मास स्पेकवर (रेणूंचं वस्तुमान मोजणाऱ्या यंत्रावर) शेजारी शेजारी चालवून बघू. खर्च माझ्या गटाकडून. व्यनि करते.